बसच्या रस्त्याला सातबारा नसतो

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. निवांत वेळ असेल तेव्हा वाचा.

जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं पुणे मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. त्यात रामवाडीपासून वाघोलीच्या विठ्ठलवाडीपर्यंत नवी लाइन आहे. तेव्हापासून मला एकच प्रश्न फिरून फिरून विचारला जातोय. "भाऊ, वाघोलीत फ्लॅट घेऊन टाकावा का? स्टेशन येतंय म्हणे." विचारणारे सगळे आपलेच. अंकुशनगर, महाकाळा, शहागड, वडीगोद्री, अंबड. कुणाचा पोरगा खराडीत कंपनीत आहे, कुणाची पोरगी वाघोलीत रूम करून इंजिनिअरिंग करतीय, कुणाचा भाऊ रांजणगावच्या एमआयडीसीत.

फ्लॅट घ्यावा की नाही, हे मी सांगणार नाही. ते ज्याचं त्यानं बघावं. पण याच रस्त्यावर दहा वर्षांपूर्वी सुद्धा स्टेशनं आली होती. भर रस्त्याच्या मधोमध, काचेच्या दारांची, बसची स्टेशनं. वाजतगाजत सुरू झाली आणि आठ वर्षांच्या आत जेसीबी लावून काढली. त्यांची गोष्ट पुण्याच्या पेपरांत तुकड्या-तुकड्यांनी आली, आपल्याकडं फारशी कुणी सांगितली नाही. ती सांगायची आहे, कारण त्यात आपल्या कामाचं बरंच काही आहे.

आधी हा रस्ता ओळखून घेऊ.

मराठवाड्यातला माणूस पुण्यात शिरतो तो बहुतेक नगर रोडनंच. नगर मागं टाकलं की शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर, लोणीकंद आणि मग वाघोली. ट्रॅव्हल्सची गाडी पहाटे वाघोलीत आली की क्लीनर ओरडतो आणि अर्धी गाडी तिथंच रिकामी होते. एकेकाळी हे घोडनदीच्या रस्त्यावरचं साधं गाव. शाहू छत्रपतींच्या काळातले सरदार पिलाजी जाधवराव यांचं हे गाव, वाघेश्वराचं देऊळ तिथलं जुनं. नंतर गाव दगडाच्या खाणींसाठी ओळखलं जाऊ लागलं. पुण्याच्या इमारतींना लागणारी खडी इथून जायची.

वाघोलीचं मराठवाड्याशी नातं फ्लॅटच्या आधीचं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर भारतीय जैन संघटनेनं लातूर-धाराशिव भागातली बाराशे लेकरं शिक्षणासाठी पुण्यात आणली. त्यांच्यासाठीचं शैक्षणिक संकुल पुढं वाघोलीत उभं राहिलं. म्हणजे आपल्या भागातली पोरं तिथं आधी शिकायला गेली, नोकरीला नंतर.

पुढं खराडीत आयटी पार्क आले, विमाननगर भरलं, आणि ज्यांना विमाननगर-खराडी परवडेना ते वाघोलीकडं सरकले. इमारतींवर इमारती चढल्या. वाघोली मात्र ग्रामपंचायतच होती. तेवीस गावं पुणे महापालिकेत घेतली गेली ती ३० जून २०२१ ला, तेव्हा वाघोली शहरात आली. तोवर हजारो फ्लॅटचं गाव ग्रामपंचायतीच्या दप्तरावर चाललं. पाण्याचे टँकर, न झालेलं ड्रेनेज, एकच मोठा रस्ता. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता बीआरटी म्हणजे काय? लांबचं नाव आहे बस रॅपिड ट्रान्झिट. साध्या भाषेत, बससाठी राखून ठेवलेली लेन. त्या लेनमध्ये कार नाही, रिक्षा नाही, दुचाकी नाही. स्टेशन रस्त्याच्या मध्ये, बसच्या पायरीइतक्या उंचीचं. म्हातारीला चढायला पायरी नको, लेकराला उचलून घ्यायला नको. बस येते, दार उघडतं, माणूस सपाट चालत आत जातो.

याचा हिशेब शेतकऱ्याला लगेच कळेल असा आहे. एका बसमध्ये साठ माणसं धरा. एका कारमध्ये सरासरी दीड माणूस धरा. साठ माणसं न्यायला चाळीस कार लागतात. चाळीस कार मधे थोडीशीच जागा सोडून उभ्या केल्या तरी दोनशे मीटरची रांग होते. बस लागते बारा मीटरची. रस्ता तेवढाच आहे, मग तो कुणाला द्यायचा, एवढाच बीआरटीचा प्रश्न आहे. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणातही हेच लिहिलंय, की रस्त्याची जागा वाटताना वाहनं मोजू नका, माणसं मोजा.

ही कल्पना ब्राझीलमधल्या कुरितिबा या शहरातून आली. तिथं १९७४ मध्ये बसचे असे खास रस्ते सुरू झाले. महापौर होते जेमी लर्नर, पेशानं वास्तुविशारद. लर्नर यांच्या शहरानं बसबरोबर जमिनीचा नियमही केला. बसच्या मुख्य रस्त्याच्या कडेला उंच इमारतींना परवानगी, आणि त्या रस्त्यापासून लांब जाल तशी इमारतीची उंची कमी. म्हणजे जिथं जास्त माणसं राहणार, तिथंच बस दाराशी. डिसेंबर २००० मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरानं 'ट्रान्समिलेनिओ' सुरू केली आणि जगभरातले लोक ती बघायला जाऊ लागले. आपले अधिकारी आणि नगरसेवकही गेले.

भारतात पहिला मान पुण्याला मिळाला. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राची जेएनएनयूआरएम योजना आली. पुण्यासारख्या शहराला त्यात केंद्राचे ५० टक्के, राज्याचे २० टक्के आणि महापालिकेचे ३० टक्के असं वाटप होतं. पैसा दिसल्यावर आराखडे भराभर झाले. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर हा प्रायोगिक मार्ग सुरू झाला. पुण्यात बीआरटी या शब्दाची जी थट्टा सुरू झाली ती इथून. लेन सलग नाही, मध्येच संपते. दुचाक्या आत घुसतात. स्टेशनपर्यंत पोचायला रस्ता ओलांडायचा कसा, ते ठरलेलं नाही. तेव्हा तर शहराच्या बसचाही एक मालक नव्हता. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन संस्था एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली ती २००७ मध्ये, मार्ग सुरू झाल्यानंतर.

दिल्लीत २००८ मध्ये आंबेडकरनगर ते मूलचंद असा पावणेसहा किलोमीटरचा मार्ग झाला. कारवाल्यांनी रान उठवलं, प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि २०१६ मध्ये तो मार्ग तोडायला घेतला. अहमदाबादनं ऑक्टोबर २००९ मध्ये 'जनमार्ग' सुरू केला आणि तिथं तो रुजला. म्हणजे कल्पना एकच, आणि तीन शहरांत तीन निकाल.

पुण्यानं पहिल्या चुकांमधून शिकून दुसरा प्रयत्न केला. त्याचं नाव 'रेनबो'. ऑगस्ट २०१५ मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी, सप्टेंबर २०१५ मध्ये सांगवी-किवळे, नोव्हेंबर २०१५ मध्ये नाशिक फाटा-वाकड, आणि २८ एप्रिल २०१६ ला नगर रोड. येरवड्यापासून खराडीच्या पुढपर्यंत सुमारे आठ किलोमीटर बसची वेगळी लेन. पुढं वाघोलीपर्यंत त्याच बस साध्या रस्त्यानं जायच्या. कारण वाघोली तेव्हा महापालिकेच्या हद्दीबाहेर. जिथं सगळ्यात जास्त माणसं राहायला जात होती, लेन नेमकी तिथं पोचण्याआधी संपत होती.

तरी ती स्टेशनं चांगली होती, हे मी स्वतः वापरून सांगतो. माझा मावसभाऊ वाघोलीत राहतो, मी त्याच्याकडं दरवर्षी दोन-तीनदा जातो. वाकडेवाडीला एसटीतून उतरलो की शहर बस धरायची. शेजारी कारवाले हॉर्न वाजवत उभे असायचे आणि आमची बस लेनमधून सुसाट निघायची. गावाकडून पिशव्या, ज्वारीचं गाठोडं, तुपाचा डबा घेऊन आलेला माणूस रुबाबात पुढं जातोय आणि एसी गाडीतला साहेब मागं राहतोय, असं दृश्य मी दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही. खराडीतल्या ऑफिसात झाडूकाम करणाऱ्या बाया, सिक्युरिटीतली पोरं, कॉलेजची पोरं, हेच त्या बसचे गिऱ्हाईक.

आता मूळ मुद्द्याकडं येतो. स्टेशन आणि त्याच्या भोवतीची जमीन.

स्टेशन आलं की जमिनीचा भाव वाढतो. हे सांगायला कुरितिबाला जायची गरज नाही. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून मनमाडपर्यंत रेल्वे झाली, तिच्यावर जालना स्टेशन आलं. कापसाच्या गाठी थेट बाहेर जाऊ लागल्या, जिनिंग-प्रेसिंग आलं, व्यापारी पेठ वाढली. 'जालना सोने का पालना' म्हणतात, त्या सोन्यात रेल्वेचा वाटा मोठा आहे. आणि आपलं अंकुशनगर तरी काय आहे? जायकवाडीचं पाणी डाव्या कालव्यातून आलं, ऊस आला, अंकुशराव टोपे यांनी समर्थ सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि जिथं माळ होता तिथं वसाहत झाली. आधी गेट, मग गेटासमोर चहाची टपरी, मग हॉटेल, गॅरेज, दवाखाना, शाळा, बँक, प्लॉटिंग. गेटाजवळची जमीन आणि दोन किलोमीटर आतली जमीन यांच्या भावात फरक का, हे आपल्याकडं दहावीचं पोरगंही सांगेल.

प्रश्न असा आहे की हा वाढलेला भाव कुणाचा? जमिनीच्या मालकानं तर काही केलेलं नसतं. रस्ता, स्टेशन, कालवा सगळ्यांच्या पैशातून होतो. तर वाढलेल्या भावातला थोडा हिस्सा परत त्याच सोयीकडं यायला पाहिजे की नको?

पिंपरी-चिंचवड महापालिकेनं यावर विचार केला होता. बीआरटी मार्गाच्या दोन्ही बाजूंना शंभर मीटरच्या पट्ट्यात जादा बांधकामाला वाव द्यायचा, आणि त्यातून मिळणारा पैसा वाहतुकीसाठीच्या वेगळ्या निधीत टाकायचा. म्हणजे इमारतीनं बसचा खर्च उचलायचा. कल्पना रास्त होती. त्यांच्याकडं आणखी एक जमेची गोष्ट होती. औंध-रावेत रस्ता ४५ मीटर रुंद. आजूबाजूला दाट वस्ती होण्याआधी रस्त्याची रुंदी धरून ठेवलेली, त्यामुळं बसची लेन बसवायला जागा होती. जगताप डेअरी, काळेवाडी फाटा, डांगे चौक, आणि शेवटी किवळ्याचा मुकाई चौक. एकेकाळी ऊस आणि भाजीपाल्याची शेतं असलेली ही गावं आज टॉवरनी भरलीत. पण तिथं आधी रस्ता रुंद झाला, मग बस आली, आणि टॉवर त्याच्याबरोबर वाढले. म्हणून की काय, तिथली लेन तग धरून राहिली. तिथंही दुचाक्या घुसतात, तिथंही बसची वाट बघावी लागते, पण स्टेशन जागेवर आहे.

नगर रोडचं उलटं झालं. रस्ता जुना, हमरस्ता, आधीच भरलेला. त्यावर ट्रक, ट्रॅव्हल्स, एसटी, आयटीच्या बस, कार सगळं एकाच वेळी. खराडी-विमाननगरच्या इमारती स्टेशनची वाट बघत थांबल्या नव्हत्या. आणि वाघोलीच्या इमारतींना परवानगी देणारी यंत्रणा वेगळी, बसची लेन बांधणारी महापालिका वेगळी, बस चालवणारी कंपनी तिसरी, चौकात शिट्टी वाजवणारे पोलीस चौथे. एकानं लेन बांधली, दुसऱ्यानं तिच्या टोकाला हजारो घरं मंजूर केली, आणि त्या घरांतले लोक बसनं येतील की कारनं, हे विचारणं कुणाचंच काम नव्हतं.

ज्या घराला दोन कारचं पार्किंग विकलं, त्या घरातून दोन कार बाहेर येणारच. त्या कार रोज सकाळी नगर रोडवर येऊन उभ्या राहिल्या, शेजारी रिकामी दिसणारी लेन बघितली, आणि चिडल्या. लेन रिकामी दिसते याचं कारण बस निघून गेलेली असते, हे जाममध्ये बसलेल्या माणसाला पटत नाही. त्यात बसही पुरेशा नव्हत्या. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून पीएमपीएमएलकडं सुमारे दोन हजार बस, त्यातल्या काही रोज बंद पडणाऱ्या. मिनिटाला बस धावली असती तर लेन रिकामी दिसली नसती.

तक्रार करणाऱ्यांची बाजूही नीट मांडतो. स्टेशन रस्त्याच्या मधोमध, आणि तिथं जायला गाड्यांच्या लोंढ्यातून जीव मुठीत धरून पळावं लागायचं. म्हाताऱ्या माणसाला हे जमणार कसं? चौकात लेन तुटायची, तिथं बस आणि वळणाऱ्या गाड्यांची टक्कर व्हायची. मग मेट्रोचं काम आलं. वनाज-रामवाडी लाइनचे खांब येरवड्यापासून रामवाडीपर्यंत याच रस्त्यावर उभे राहिले, आणि तिथली लेन कामातच मोडली. अर्धी लेन गेल्यावर उरलेल्या अर्ध्या लेनचा उपयोगही अर्धाच. लोकप्रतिनिधींनी मागणी लावून धरली, वाहतूक पोलिसांचाही तोच सूर. २०२३ च्या अखेरीस विमाननगरपासून खराडीपर्यंतची उरलेली बीआरटी काढायला महापालिकेनं सुरुवात केली. स्टेशनं उचलली, दुभाजक काढले, लेन सगळ्यांना मोकळी केली.

हे सगळे दोष खरे होते. पण त्यातला एकही असा नव्हता, की ज्यावर लेन तोडणं हाच इलाज. पादचारी सिग्नल लावता आले असते. बस वाढवता आल्या असत्या. चौक दुरुस्त करता आले असते. हे सगळं करायला पैसा, वेळ आणि रोज मागं लागणारा माणूस पाहिजे होता. तोडायला एक निर्णय आणि काही रात्री पुरल्या.

आणि इतक्या सहज तोडता का आली, याचं उत्तर मला फार साधं वाटतं. त्या लेनला सातबारा नव्हता.

बघा की. त्याच रस्त्याच्या कडेला एखाद्याची दहा फूट टपरी हलवायची म्हटलं तर नोटीस लागते, सुनावणी लागते, स्टे येतो. एखाद्याची गुंठाभर जमीन रस्त्यात घ्यायची म्हटलं तर भूसंपादन, मोबदला, नाहीतर टीडीआर. इमारतीला मालक आहेत, बँकेचं कर्ज आहे, सोसायटी आहे, वकील आहे. बसच्या लेनला यातलं काहीच नव्हतं. रोज त्या लेनमधून हजारो माणसं जायची, पण कुणाच्याही नावावर ती नव्हती. लेन गेली तेव्हा कुणालाही भरपाई द्यावी लागली नाही, कारण कायद्याच्या कागदावर कुणाचं काही गेलंच नाही. झाडूवालीची रोजची वीस मिनिटं गेली. वीस मिनिटांचा पंचनामा होत नसतो.

स्टेशनाकडं बोट दाखवून विकलेले फ्लॅट मात्र जागेवर आहेत. जाहिरातीत 'बीआरटीपासून पाच मिनिटं' लिहून घेतलेला भाव परत कुणी केला नाही.

आता त्याच रस्त्यावर मेट्रो. रुबी हॉल ते रामवाडी मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. पुढं रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी ११.६३ किलोमीटर, ११ स्टेशनं. तिकडं वनाज ते चांदणी चौकाचा छोटा तुकडा. दोन्ही मिळून १२.७५ किलोमीटर, १३ स्टेशनं, खर्च ३,६२६ कोटी २४ लाख रुपये. म्हणजे किलोमीटरला साधारण २८४ कोटी. मी मेट्रोच्या विरोधात नाही. आपली पोरं तिथं राहतात, त्यांना ती मिळालीच पाहिजे. आणि मेट्रोला एक मोठा फायदा आहे, तिचे खांब जेसीबीनं रात्रीत निघत नाहीत. खरं सांगायचं तर मेट्रोचा सातबारा तिच्या सिमेंटमध्येच आहे.

पण जमिनीचा प्रश्न पुन्हा तोच. मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या परिघात चारपर्यंत एफएसआय देण्याचं धोरण आहे. म्हणजे एक गुंठा जमिनीवर चार गुंठ्यांचं बांधकाम. स्टेशनजवळ दाट वस्ती हवी, हा कुरितिबाचाच धडा, आणि तो बरोबर आहे. पण तिथं कोण राहणार? जो मेट्रोनं फिरतो तो, की ज्याला तीन कार लावायला जागा पाहिजे तो? स्टेशनपर्यंत पायी जायला फुटपाथ असणार का? स्टेशनातून घरी न्यायला छोटी बस असणार का? वाघोलीच्या आतल्या सोसायट्या हमरस्त्यापासून दोन-दोन, तीन-तीन किलोमीटरवर आहेत. तिथून मेट्रोपर्यंत यायला गाडीच काढावी लागली, तर नगर रोडचा जाम मेट्रोच्या खांबांखाली तसाच राहणार. म्हणून फ्लॅट बघायला जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, सॅम्पल फ्लॅट बघून झाला की खाली उतरा आणि जिथं स्टेशन होणार आहे तिथपर्यंत चालत जाऊन बघा. दुपारी नको, संध्याकाळी सात वाजता जा. बरोबर आईला न्या.

आता थोडं आपल्या गावाचं.

धुळे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाला, आपण खूश झालो. छत्रपती संभाजीनगर जवळ आलं, बीड जवळ आलं. गाड्या शंभरच्या स्पीडनं जातात. पण कॉलेजला जाणारी पोरगी एसटीची वाट कुठं बघते, हे एकदा थांबून बघा. रस्त्याच्या कडेला, उन्हात, ट्रकच्या वाऱ्यात. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेला लागून. रस्ता ओलांडायचा तर तेच, जीव मुठीत. नगर रोडच्या स्टेशनवर जायला जी कसरत लागायची, तीच आपल्याकडं स्टेशन नसताना लागते.

आणि महामार्गाच्या कडेनं प्लॉटिंगचे बोर्ड लागलेत. 'हायवे टच.' हा भाव कशामुळं आला? आपल्या सगळ्यांच्या टोलमुळं, करामुळं. जालन्याची २०२३ मध्ये महापालिका झाली. समृद्धी महामार्गामुळं तिकडंही जमिनीला सोन्याचा भाव आलाय. वीस वर्षांनी जालना-अंबड रस्त्यावर शहराची बस लागणार, हे मी आज लिहून देतो. तिच्यासाठी जागा मात्र आज धरावी लागणार. इमारती झाल्यावर ती मागत बसलो तर नगर रोड होणार.

मला तीन गोष्टी मागायच्या आहेत, आणि तुम्ही सोबत मागा.

पहिली, महामार्गालगत जे नवं एनए लेआउट मंजूर होईल, त्यात बसथांब्याची आणि पायवाटेची जागा आधी काढून ठेवा, आणि ती ग्रामपंचायतीच्या नावावर करा. नुसती नकाशावर हिरवी-पिवळी रेघ नको. शहरातलं आरक्षणसुद्धा ताब्यात घेतलं नाही तर दहा वर्षांनी नोटीस देऊन सोडवून घेता येतं, एमआरटीपी कायद्याचं कलम १२७ त्यासाठीच आहे. जे नावावर आहे तेच टिकतं.

दुसरी, कारखाना, शाळा आणि बाजार जिथं आहे तिथं महामार्ग सुरक्षित ओलांडायची सोय आणि सावलीचा थांबा. याला बीआरटी लागत नाही, मेट्रो लागत नाही. चार खांब, पत्रे, बाकडं आणि एसटीच्या वेळापत्रकाचा एक बोर्ड.

तिसरी, ग्रामसभेत हा विषय नावानिशी इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी हो म्हणणारे सगळेच असतात. कागदावर आलं की पुढच्या सरपंचालाही उत्तर द्यावं लागतं.

नगर रोडच्या बसमध्ये रोज बसणारी माणसं गरीब होती, म्हणून लेन गेली असं मी म्हणत नाही. ती विखुरलेली होती, म्हणून गेली. त्यांची सोसायटी नव्हती, संघटना नव्हती, ग्रुप नव्हता. लेन तोडायच्या दिवशी तिथं उभं राहून "आमचं काय?" असं विचारणारं फारसं कुणी नव्हतं.

आपल्याकडं निदान ग्रामसभा आहे. पुढच्या ग्रामसभेला कोण कोण येतंय, ते खाली लिहा. महामार्गावर तुमचा थांबा कुठं आहे आणि तिथं काय हाल आहेत, तेही लिहा. फोटो असेल तर टाका. सगळं एकत्र करून अर्ज मी तयार करतो, सह्या तुम्ही करा.